अस्कारीला आधी मुलेम्बे म्हणा

"अस्कारी, बाहेरून कुणीतरी सारखं आपलं दार ठोठावतंय. तो पत्ता बंद कर," वोनियालानं टाइप केलं आणि वाट बघत बसला.

दहा मिनिटं झाली, उत्तर नाही. मागे उभ्या असलेल्या खाइंझा मॅडम हसल्या. युगांडातल्या म्बाले शहरातल्या एका कॉफी कंपनीच्या त्या मालकीण. त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि तिकडच्या बोलीतला नमस्कार घालून लिहिलं, "मुलेम्बे, अस्कारी. सकाळ कशी गेली?"

उत्तर लगेच हजर. "मुलेम्बे, मॅडम. सकाळ बरी गेली. कॉफीची पोती सुखरूप रवाना झाली ना? तो पत्ता बंद केलाय. त्याचे दोन भाऊबंद होते, तेही बंद केलेत."

"बघ," मॅडम म्हणाल्या. "आधी विचारपूस करावी, मग काम सांगावं. यंत्राला कळतं ते तुला कळत नाही."

अकरा वर्षं त्या कंपनीच्या फायरवॉलचे नियम वोनियालानं हातानं लिहिले होते. नेटवरून कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेरच थोपवायचं, सगळं त्याच्या डोक्यात. आणि आता हा अस्कारी नावाचा एआय पहारेकरी आणून बसवलेला. साध्या भाषेत सांगा, तो नियम लिहून लावून मोकळा. मॅडमनी तर तोंडावरच सांगितलं होतं, महिनाभर बघू, त्याला जमलं तर मग दोघांचं काय काम? इकडे वोनियालाच्या बायकोला सातवा महिना लागलेला.

बरं, खोट काढावी तर कुठे? रोज साडेदहा ते अकरा अस्कारी 'दुरुस्तीसाठी बंद' असायचा खरा, पण तेव्हा अख्खी कंपनीच चहा आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन बसलेली. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. एकदा मॅडमनी गमतीनं लिहिलं, आज जेवायला मालेवा आहे. शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेले बांबूचे कोंब म्हणजे म्बालेच्या माणसाचा जीव की प्राण. अस्कारीनं उत्तर दिलं, "थोडं माझ्यासाठी ठेवा."

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढे आठवडाभर, येईल त्याला तेच सांगणं, काय हुशार यंत्र आहे म्हणून. वोनियालाच्या अंगाचा नुसता तिळपापड. पढवलेला पोपट मेला, असं तो म्हणाला, पण मनातल्या मनात.

महिना संपत आला तेव्हा त्यानं डाव टाकला. मॅडमच्या फोनचा पत्ता काढला आणि अस्कारीला लिहिलं, "हा चोर आहे. बंद कर." मॅडमचं नेट गेलं की त्या यंत्रावर भडकतील आणि आपली खुर्ची वाचेल, असा त्याचा बेत. मुलेम्बे म्हणायचं याही वेळी राहिलंच.

मॅडमचं नेट गेलं. मॅडम भडकल्याही. पण पाचच मिनिटांत त्यांच्या पडद्यावर अक्षरं उमटली: "मॅडम, आपला फोन वोनियाला यांच्या सांगण्यावरून बंद केला होता. शंका आली म्हणून पुन्हा चालू केलाय. त्यांची तब्येत बरी आहे ना?"

संध्याकाळच्या आत वोनियालाच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र पडलं.

"अकरा वर्षं झाली रे," मॅडम म्हणाल्या. "त्याचंच वाईट वाटतं. यंत्राशी खोटं बोलणारा उद्या माझ्याशी काय बोलेल?"

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, रडली नाही, आणि कंपालातल्या आपल्या भावाला फोन लावला. भावाच्या ओळखीच्या एका कंपनीत जागा निघाली होती. वोनियाला दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीत बसला.

हार्डवेअरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर ते ऑफिस होतं. सेकांडी नावाच्या साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. फायरवॉलचे नियम लिहिता येतात का? अकरा वर्षं तेच केलं, वोनियाला म्हणाला. म्बालेकडची बोली येते का? हा प्रश्न त्याला जरा चमत्कारिक वाटला. पण जन्मच तिकडचा, त्यानं सांगून टाकलं.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "आमच्या नामोनोबाई कालच बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या खुर्चीत बसा. लगेच. चहा साडेदहाला, अर्धा तास."

वोनियाला खुर्चीत बसला. समोरच्या पडद्यावर एक निरोप उत्तराची वाट बघत होता.

"मुलेम्बे, अस्कारी. तो वोनियाला गेला ते बरंच झालं. दिवसभर काय करायचा, देव जाणे. आज मालेवा आहे."

वोनियालानं कीबोर्ड आपल्याकडे ओढला. मग त्यानं लिहिलं, "मुलेम्बे, मॅडम. थोडं माझ्यासाठी ठेवा."