ज्याचा हात आत

खरकन आवाज झाला आणि सफरचंदं भरडणारं यंत्र जागच्या जागी अडकलं. पट्टा चाकावर नुसताच घासायला लागला, जळक्या चामड्याचा वास सुटला. लोइसनं झडप घालून इंजिन बंद केलं. त्याची दोन जड चाकं आपल्याच गुर्मीत थोडी फिरली, कुरकुरली आणि थांबली.

"खडा गेला असणार," रांगेतलं कोणीतरी म्हणालं. "झाडाखालची वेचून आणायची म्हटल्यावर दुसरं काय होणार?"

टटलच्या गिरणीतला हा वर्षातला मोठा दिवस. ऑक्टोबर सरत आला की जुनी यंत्रं झाकणाखालून बाहेर निघत, डोंगरातली माणसं पोत्यांनी सफरचंदं आणत आणि रसाचे कॅन भरून नेत. आज रांग पार पुलापर्यंत गेली होती. आणि आजच इंजिनवाल्या ऑल्टनची कंबर धरली. बिचारा पेटीवर बसून कण्हत होता. इंजिन चालवता येणारं दुसरं माणूस गावात एकच, लोइस. ती नाही नाही म्हणत होती, पण लोकांनी ऐकलं नाही.

ती का नाही म्हणत होती, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला दाबयंत्रापाशी तिचा धाकटा भाऊ मर्ल उभा होता. भरडलेल्या सफरचंदांचा चोथा फडक्यांत बांधून एकावर एक रचत होता. त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती.

गिरणीच्या भिंतीवर या दोघांच्या आजोबांनी रंगवून ठेवलेलं होतं : ज्याचा हात आत, हँडल त्याच्या काखेत. यंत्रात हात घालायचा तर आधी इंजिनाचं हँडल खुंटीवरून काढून काखेत मारायचं. हँडलशिवाय इंजिन सुरू होत नाही. मग बाकीचे काय वाटेल तो गोंधळ घालोत. पोरवयात एकदा मर्लनं घाईघाईत तसाच हात घातला. लोइस बाहेरून आली, तिनं खुंटीवर हँडल पाहिलं आणि इंजिन सुरू केलं.

नियमानं चूक मर्लचीच. सगळं गाव तेच म्हणालं. पण इस्पितळात डोळे उघडल्यावर बहिणीचे पहिले शब्द त्याच्या कानी पडले, ते हे : "हँडल तर खुंटीवर होतं!" त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. आईच्या दफनालासुद्धा नाही. आणि लोइस? जे म्हणायला हवं होतं ते तिला कधी म्हणताच आलं नव्हतं. आज सकाळपासून ती चोरून त्याच्याकडे बघत होती. आज नाही बोललो तर मेल्यावरच बोलू, असं तिला वाटत होतं.

"कुणीतरी काढा रे तो खडा," ऑल्टन कण्हत म्हणाला. "तोंड अरुंद आहे पण. माझा पंजा नाही जायचा."

"माझा जाईल," मर्ल म्हणाला. "त्याला हल्ली जागा कमी लागते."

कोणी हसलं नाही. तो एकटाच हसला आणि हात पुसत पुढे आला.

गरम डोनटच्या परातीमागून त्याची बायको नॉर्मा कडाडली, "मर्ल! आठ उरलीत. आठच राहू देत. आणि इंजिनवर कोण उभं आहे ते बघितलंस ना?"

चोथ्यावर गांधीलमाश्या तेवढ्या घोंघावत होत्या. लोइसचं तोंड पांढरंफटक पडलं. तिनं इंजिनावरचा हात असा काढला, जणू चटका बसला.

"मी... मी बाहेर जाऊन उभी राहते," ती म्हणाली. "पुलावर जाते हवं तर. तू निवांत काढ."

"थांब," मर्ल म्हणाला.

एवढाच शब्द. पण कितीतरी वर्षांनी तिच्याशी बोललेला. ती थांबली. तो खुंटीपाशी गेला. लोखंडी हँडल त्यानं काढलं, तळव्यावर तोललं. आता हा ते काखेत मारणार, सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघत. लोइसनं मान खाली घातली. मारू दे. त्याचा हक्कच आहे तो. त्यानं उचलून माझ्या डोक्यात घातलं तरी मी हूं की चूं करणार नाही.

मर्ल यंत्रापाशी आला. झाकण उघडलं. आत पात्यांच्या रुळात करडा दगड रुतला होता, अक्रोडाएवढा. तो वाकला. पुन्हा सरळ झाला.

"मर्ल," लोइस कशीबशी म्हणाली, "तेव्हा मी इस्पितळात... मला म्हणायचं होतं की..."

"माहितेय मला," तो म्हणाला. "चुकलो तर मीच होतो. पण तू रडशील असं वाटलं होतं गं."

आता ती रडली. भर गिरणीत, रांगेतल्या सगळ्यांदेखत, नाक ओढत रडली.

मर्लनं हँडल तिच्यापुढे धरलं.

"अरे, नियम..." ऑल्टन पेटीवरून अर्धवट उठला.

"धर," मर्ल लोइसला म्हणाला. "खुंटीवर ठेवू नकोस म्हणजे झालं."

तिनं हँडल दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं, आणि मर्लनं तीन बोटांचा तो हात पात्यांत घातला.