सातवी चिठ्ठी

सातवी चिठ्ठी उघडली आणि बाई वाचायच्या थांबल्या.

चर्चमधली विनंत्यांची पेटी दर रविवारी सगळ्यांदेखत उघडायची, एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर मंडळीनं म्हणायचं, "प्रभू, आमची विनंती ऐक." हे वाचायचं काम एकतीस वर्षं बाईंकडे होतं. पदरचा शब्द घालायचा नाही, लिहिलेला गाळायचा नाही, हा त्यांचा नियम. चिठ्ठीवर नाव लिहायची सक्ती नव्हती. पण बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. अर्ध्या मंडळीला अक्षरं त्यांनीच गिरवायला लावलेली. त्यांच्यापुढे निनावी राहणं म्हणजे मांजरानं डोळे मिटून दूध पिण्यातला प्रकार.

आजच्या पहिल्या सहा चिठ्ठ्या नेहमीच्याच होत्या. गुडघा, परीक्षा, नवऱ्याची दारू, पुन्हा गुडघा, असंच. सातवीवर लिहिलं होतं, "माझ्या मुलीला मुलीच आवडतात. प्रभूनं तिला या पापातून सोडवावं. कुणाला कळायच्या आत." आणि ही चिठ्ठी टाकली होती भरसभेत वाचायच्या पेटीत! घाबरलेल्या माणसाची अक्कल अशीच गहाण पडते.

अक्षर चौथ्या बाकावरच्या आईचं होतं. शेजारी तिची विशीतली मुलगी मान खाली घालून बसली होती. मुलीच्या पलीकडची जागा गेला महिनाभर रिकामी राहत होती. एका काकूंनी तर तिला पाहून पर्स उचलली आणि आपला मुक्काम मागच्या बाकावर हलवला. म्हणजे कळायचं ते कधीच कळलेलं होतं.

गाळावी ही चिठ्ठी, असं बाईंच्या मनात आलं. कुणी विचारलं नसतं. गाळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःच्या आयुष्यातलं एक अख्खं पान त्यांनी असंच गाळलं होतं. आणि बोललं तर काय जाईल, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. आठवड्यातले सहा दिवस त्यांच्याशी बोलायला घरच्या भिंती. सातव्या दिवशी ही मंडळी, "बाई, कशा आहात?" म्हणणारी पन्नास तोंडं. यापलीकडे त्यांचं जगात कुणी नव्हतं.

बाईंनी चिठ्ठीची घडी घातली.

"पुढची विनंती माझी आहे," त्या म्हणाल्या. "ती कागदावर नाही." आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "मला बायकाच आवडल्या. म्हणजे, एकच आवडली. हे दुखणं जावं म्हणून मी चाळीस वर्षं देवापुढे गुडघे टेकले. आई बरी होऊ दे म्हटलं, ती झाली. नोकरी मागितली, मिळाली. हीच एक विनंती त्यानं ऐकली नाही. मला वाटायचं, देव रागावलाय. आता वाटतं, त्याला यात दुखणं दिसलंच नसेल. मीच नको ते मागत होते. तर मंडळी, असं कुणी आपल्यात असेल, तर त्याच्या शेजारी बसायची बुद्धी प्रभूनं आपल्याला द्यावी."

शाळेत एवढी शांतता मिळाली असती तर बाईंनी वर्गाची पाठ थोपटली असती. शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, "प्रभू, आमची विनंती ऐक." त्यांच्यामागून पाच-सहा आवाज आले, तेही चाचरत. बाईंनी आठवी चिठ्ठी उघडली. गुडघाच होता.

उपासना संपल्यावर अंगणात चहा असायचा. बाई कप घेऊन नेहमीच्या जागी, खांबापाशी उभ्या राहिल्या. एरवी तिथे त्यांच्याशी बोलायला रांग लागायची. आज सगळ्यांना घाई होती. कुणाला बस गाठायची होती, कुणाच्या घरी पाहुणे यायचे होते. बाईंना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. चहा तसाच निवला.

चौथ्या बाकावरची आई तेवढी जवळ आली.

"बाई, माझी चिठ्ठी वाचली नाहीत तुम्ही."

"नाही वाचली."

"पापबिप मला काही कळत नाही हो." तिचे डोळे भरले होते. "लिहायचं म्हणून तसं लिहिलं. भीती निराळीच आहे. पोर उद्या तुमच्यासारखी एकटी राहील. दुखलं-खुपलं तर कोण बघणार तिला?"

इतकं तोंडावर बाईंना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पण त्यांना राग आला नाही. त्यांनी फाटकाकडे पाहिलं. मुलगी तिथे आईची वाट बघत उभी होती, आणि लोक तिला वळसा घालून बाहेर पडत होते.

"मी एकटी राहिले ती कुणी नव्हतं म्हणून नाही गं," बाई म्हणाल्या. "मला आवडली ती दोन तिकिटं काढून स्टेशनावर उभी होती. माझ्यासाठी दोन गाड्या सोडल्या तिनं."

"मग?"

"मग काय. रविवार होता. मी चर्चला आले."