मनात धरून ठेवा

"फादर इलो!" म्हातारी म्हणाली आणि उठून बसायची धडपड करू लागली.

फादर नव्हता तो. ब्रदर हिलरी होता. मे महिन्याच्या सुट्टीत सेमिनरीने त्याला वाकोल्याच्या चर्चमध्ये धाडलं होतं. रोज दुपारी आजाऱ्यांच्या घरी जायचं, प्रार्थना म्हणायची आणि परतायचं, एवढंच त्याचं काम. फादर व्हायला अजून दोन वर्षं होती. पण अंगात पांढरा झगा होता आणि म्हाताऱ्या कार्मेलबायला हल्ली धड दिसत नव्हतं.

शेजारची शकु आपल्या तान्ह्या पोरीला कडेवर घेऊन म्हातारीला पेज भरवत होती. "बरं झालं आलात. सकाळपासून एकच धोशा, फादराक बोलय, फादराक बोलय! बोला निवांत," म्हणून ती वाटी घेऊन बाहेर गॅलरीत गेली.

म्हातारीने हिलरीची बाही घट्ट पकडली. "माका कुमसार करूचा आसा."

पापांची कबुली! तो काही बोलायच्या आत तिने सुरुवातही केली. "माजो धाकटो झील बावडेत पडलो, असा सगळो गाव म्हणता. त्या दिसा, फादर, मी..."

"थांबा, आजी!"

जरा जोरातच ओरडला तो. गेल्या वर्षी याच चर्चमध्ये आलेल्या एका ब्रदरने मरणाऱ्या माणसाची कबुली ऐकली होती आणि फादर नसूनही हात उचलून क्षमाही देऊन टाकली होती. तो माणूस शांतपणे गेला. ब्रदरला आठ दिवसांत सेमिनरीतून काढून घरी पाठवलं. सुट्टीवर निघताना तिथल्या प्रमुखांनी, रेक्टरनी, ही गोष्ट सगळ्यांना उभं करून ऐकवली होती.

"मी फादर नाही, आजी. ब्रदर आहे. मला कुमसार ऐकता येत नाही."

म्हातारीने झग्याचं कापड चाचपलं. "मगे ह्या काय?"

"शिकतानाही घालतात."

"बरां. माफी नको दिव. नुसता आयक. चाळीस वर्सां झाली रे बाबा, कोणाक सांगूक नाय."

नुसतं ऐकावं की ऐकू नये, हे हिलरीला कोणी शिकवलं नव्हतं.

"मनात धरून ठेवा," तो म्हणाला. "मी फादरना घेऊन येतो. त्यांनाच सांगा. दुसऱ्या कोणाला नको."

तिने मान हलवली. औषधाची गोळी जिभेवर ठेवल्यावर शहाणं पोर मिटतं, तसे ओठ मिटून घेतले.

फादर कलिन्याला लग्नाच्या जेवणाला गेले होते. हिलरी झगा गुडघ्यापर्यंत उचलून तिथवर धावत गेला. फादर बिचारे भरलं ताट ठेवून उठले. लगेच स्कूटरला किक मारली. तरी पाऊण तास गेलाच.

शकु दारातच उभी होती.

"आत्ताच गेली. अजून अंग गरम आहे." तिने पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "तुम्ही गेल्यावर पाणी पाजायला गेले, तर तोंडच उघडेना. म्हटलं, दोन घोट तरी घे गं मावशी. तर मानेनेच नाही म्हणे. मला वाटलं, तुमच्यात उपास-बिपास असेल काहीतरी."

फादर आत जाऊन म्हातारीच्या कपाळाला शेवटचं पवित्र तेल लावू लागले.

"काय सांगत होती हो?" शकुने हळूच विचारलं. "एवढी तळमळत होती."

"माहीत नाही."

"म्हणजे? ऐकलं नाहीत तुम्ही?"

हिलरी झग्याची बाही सारखी करू लागला.

परतताना सिग्नलला स्कूटर थांबली, तेव्हा त्याने फादरना सगळं सांगितलं. बाही, विहिरीत पडलेला मुलगा, आपण तिला कुठे थांबवलं ते, अगदी शब्द न् शब्द.

"शाब्बास!" फादर मान मागे वळवून म्हणाले. "गेल्या वर्षीच्याला हेच जमलं नाही. एकदा ऐकायला लागलं की माणूस फसतो. रिपोर्टमध्ये लिहिणार आहे मी, हा मुलगा आपली मर्यादा ओळखतो."

"थँक यू, फादर," हिलरी म्हणाला.