पुण्यातलं चांगलं रामेन

"मुलगा कसा हाय ते मागून सांग. रामेनचं विचारलंस का?" ऋतुजानं भावाला चपलाही काढू दिल्या नाहीत.

लखन स्थळाची चौकशी करून पुण्याहून नुकताच पालीला परतला होता. तो हसला. "विचारलं की. पुण्यातली एकूण एक रामेनची हाटेलं तोंडपाठ हायत गड्याला."

ऋतुजाची कळी खुलली. रामेन म्हणजे जपानी शेवयांचा रस्सा. बीडला कॉलेजात असताना मोबाइलवर तिनं तो पाहिला आणि वेडच घेतलं. घरच्या मॅगीत अंडं फोडून माणूस किती दिवस समाधान मानणार? लग्न करीन तर पुण्यातल्या मुलाशीच, आणि रामेनच्या हॉटेलात त्याच्यासमोर बसून जेवीन, असं तिनं घरात ठणकावून सांगितलं होतं.

"अन् कामाला?"

"कंपनीत. कंपनीचा टी-शर्ट घालूनच भेटला."

वडिलांमागं लखननंच तिला वाढवलं. स्वतःचं लग्न जमत नसताना बहिणीसाठी पुण्याला खेटे घालणारा भाऊ कितीजणींना मिळतो? तिनं डोळे झाकून होकार दिला.

लग्नापर्यंत रोज होणाऱ्या नवऱ्याचा, रामेश्वरचा फोन यायचा. औंधातल्या हॉटेलापुढं गाडी लावायला जागा नाही. बाणेरचं दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद. कॅम्पातलं सगळ्यात चांगलं, पण संध्याकाळी ताटकळत उभं राहावं लागतं.

"आणि चव?" ती विचारायची.

"लोक पुन्हा पुन्हा तिथलंच मागवतात," तो म्हणायचा. आता याहून मोठी पावती कोणती!

लग्न झालं. नांदूरघाटला, सासरी, सत्यनारायणही उरकला. नणंद वर्षाराणी दोघांना चहा देऊन गेली, तशी ऋतुजानं नवऱ्याला हळूच विचारलं, "पुण्याला गेल्यावर आधी कोणत्या हॉटेलात बसायचं?"

रामेश्वर गोंधळला. "बसायचं? मी कधी आत बसलोच न्हाई. काउंटरवरून पार्सल उचलायचं अन् गिऱ्हाइकाच्या दारात न्यायचं. तेच काम हाय माझं."

तिनं हातातला कप खाली ठेवला.

"तुझ्या दादाला पहिल्याच दिवशी समदं सांगितलंतं मी. गाडीवर मागं बसवून फिरवलंबी. ते म्हणले, ऋतुजाला मी सांगतो." त्याचा चेहरा उतरला. "न्हाई सांगितलं?"

तो खोटं बोलत नव्हता. तेच तिच्या जिव्हारी लागलं. त्याच्या कामाची तिला लाज नव्हती. पण ज्याच्या शब्दावर तिनं गळ्यात माळ घातली, त्यानंच तिला फसवलं होतं. घरामागं जाऊन तिनं फोन लावला.

"दादा, तुला सगळं माहीत होतं. कावून केलंस असं?"

"जेवलीस का तू?" लखननं विषय बदलला.

"मला न्यायला ये. आत्ताच्या आत्ता!"

"येतोय की परवा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण तुला न्यायला न्हाई. माझी अन् वर्षाराणीची सुपारी फोडायला. तुला दिल्याबिगर ते तिला देत नव्हते."