एकोणीस नंबरचा उंदीर

प्रीती जालन्याच्या एका फार्मसी कॉलेजात संशोधन करायची. बेशुद्ध केलेल्या उंदराच्या डोक्यावर छोटं वजन पाडायचं, कवटी न फुटता मेंदूला हलका मार बसवायचा आणि नंतर त्याला काय काय आठवतं ते बघायचं, हे तिचं काम.

एकोणीस नंबरला मार द्यायचाच नव्हता. तुलनेसाठी तो तसाच ठेवला होता. तरी त्या सकाळी तो खाण्याकडं जायची रोजची वाट विसरला आणि कोपऱ्यात भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

"रामकिसनमामा, ह्याला मार कुणी दिला?" तिनं पिंजरे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं.

"तुम्हीच, ताई. मंगळवारी."

"मंगळवारी मी वाटूरला गेल्ते, आईकडं."

रामकिसननं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर प्रीतीच होती. तिनं वजन सोडलं. उंदराकडं मात्र तिनं पाहिलंच नाही. ती कॅमेऱ्याकडं बघत राहिली.

"हे मला आधी का न्हाई सांगितलं?"

"रोज सांगून राह्यलो, ताई," तो हळूच म्हणाला. "तुम्ही रोज सकाळी हेच विचारता. मंग रडता."

प्रीतीनं गालाला हात लावला. गाल आधीच ओला होता.