कोरी सायकल

ओयेट सायकलीच्या सांगाड्यावरून सुईने वाळवी उपटत होता. अंग निघे, पंख रंगातच राही. पंख ओढला की रंगाची साल निघे आणि खालचा जुना लाल रंग डोळा उघडून बघे.

चूक त्याचीच होती. काल दुपारी निळ्या रंगाचा दुसरा हात देऊन त्याने सांगाडा पडवीत टांगला. मग सर येऊन गेली आणि जमिनीतून पंख फुटलेल्या वाळवीचे लोट उठले. अख्खं गाव टोपल्या घेऊन धावलं. ओयेटही धावला. वाळवी उडत असताना ओल्या रंगाची राखण करणारा माणूस किटगुमच्या आसपास अजून जन्मायचाय. पकडलेली त्याने भाजून मिठाशी खाल्ली. उरलेली रंगाला चिकटली.

आज मागणी घालायची होती. मुलीच्या बापाने, लाबेजाने, पाठवलेल्या यादीत गाई होत्या, बोकड होते आणि 'एक सायकल, नवी' होती. गाई-बोकडांचं जमलं होतं. सायकल नऊ वर्षांची होती. आणि लाबेजा असा, की आधीच्या मुलाला त्याने बोकडाचा एक दात हलतो म्हणून दारातून परत धाडलं होतं.

ओयेटने पॉलिश पेपर भिजवून फिरवला, खड्ड्यांत बोटाने रंग भरला आणि सांगाडा उन्हात भाकरीसारखा सगळ्या बाजूंनी शेकला. एक ओघळ काही केल्या जाईना. तिथे काकाने वर्तमानपत्र गुंडाळलं. नव्या सायकलीला कागद असतोच, म्हणाला. आणि तू तोंड उघडू नकोस, बोलायचं काम माझं.

दुपारी दोघे लाबेजाच्या अंगणात रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसले. म्हातारा सायकलीभोवती तीनदा फिरला. घंटी वाजवली नाही. मग वाकला आणि पायडलच्या मागे, जिथे सुई पोचली नव्हती, नेमकं तिथेच नख लावलं.

“नवी ना?”

“कोरी,” काका म्हणाला. “थेट कंपालाहून. अजून कागदसुद्धा काढला नाही.”

लाबेजाने नखावरचा पंख उजेडात धरला. “कंपालाच्या कारखान्यात यंदा वाळवी बरीच उडाली म्हणायची.”

बोलायचं काम काकाचं होतं. काकाला खोकला आला, आणि तो थांबेना. ओयेटचं लक्ष आपल्या निळ्या नखांकडे गेलं. त्याने मुठी आवळल्या.

लाबेजाने चुलीकडे हाक दिली. त्याची मुलगी आचान आली, ओयेटकडे न बघता ताट ठेवून गेली. ताटात भाजलेली वाळवी होती.

“घ्या, जावईबापू,” म्हातारा म्हणाला. “तुमच्याच कारखान्यातली.”

ओयेटने मूठ उघडून चिमूटभर उचलली. तिच्यात एकही पंख नव्हता.