अलगद टॅकल

"अगं, लोळवा तिला! फुलासारखं काय ठेवताय?" सरनोबत सर मैदानाच्या कडेवरून ओरडले. जपानी खेळाडूंची यांत्रिक प्रतिरूपं बाकीच्या मुलींना दणादण आपटत होती. कर्णधार रेवतीला मात्र कमरेला धरून अलगद गवतावर टेकवत होती. रग्बीचा विश्वचषक तोंडावर आला होता आणि जपानचा अंदाजच येईना.

"बिघडलंय तुझं मशीन," सर तंत्रज्ञ ओवीवर खेकसले.

"नाही सर. नियमाप्रमाणे त्यांच्या सरावाची नोंद रोज येते. खऱ्या मुली तिकडे जे करतात, तेच ही करतात. आपल्या रेवतीचं प्रतिरूप आहे ना त्यांच्याकडे, त्याला त्या परवापासून असंच जपून पाडतायत."

सरांनी रेवतीकडे पाहिलं. प्रतिरूपात माणसाचं हाडन् हाड उतरतं, त्यातल्या दोषासकट. तिकडे तिच्या प्रतिरूपाची मान परवा साध्या धडकेत मोडली असेल का? सकाळीच रेवती मान आखडल्याचं सांगत होती, आणि उशी बदल म्हणून त्यांनी तिला पिटाळलं होतं.

रेवती पुन्हा चेंडू घेऊन सुसाट निघाली. सरांनी जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकली.

"रेवती, थांब! आहेस तिथेच उभी राहा. इकडे बघू नकोस. मान अजिबात वळवू नकोस."